पंधरा दिवस जू नाही

मैत्रेयीचं बारसं झालं ते साल चौऱ्याण्णव. दामूच्या विलासनं गाझियाबादला नवी जागा घेतली होती. दिल्लीतल्या त्याच्या सरकारी कचेरीत पोचायला दोन बस बदलाव्या लागायच्या. नातीच्या बारशाला म्हणून दामू आणि गिरिजा आटपाडीकडच्या गावाहून आले, ते राहूनच गेले. सून सुमित्रा नोकरीला जायची, पोरीजवळ माणूस हवं होतं. म्हणजे गिरिजा हवी होती. दामू तिच्यासोबत आला होता, गाडीखालून कुत्रं चालतं तसा. पुढं त्या कुत्र्याला वाटायला लागलं की गाडी आपणच ओढतोय. त्याचीच ही गोष्ट.

गावात दामू बैलांना औषध करायचा. कुणाच्या बैलाचा खांदा सुजला, पाय मुरगळला, की दामूला हाक. माणसाच्या दुखण्याला त्यानं जन्मात हात लावला नव्हता.

इथं एकदा लिफ्ट बंद पडली. खालच्या मजल्यावरच्या खुरानाबाई जिन्यात कठड्याला धरून उभ्या होत्या. दामूनं त्यांच्याकडं बैलबाजारात पाहावं तसं पाहिलं. डाव्या पायावर भार नाही, गुडघ्याला सूज. तसाच खाली उतरला. वसाहतीच्या भिंतीपलीकडं अजून उसाची आणि सरसोची रानं होती, नाल्याच्या काठानं निर्गुडी माजली होती. धोतराच्या सोग्यात पाला घेऊन वर आला आणि सुमित्राच्या मिक्सरमध्ये घालून फिरवला.

संध्याकाळी सुमित्रानं त्यात चटणी केली. एका घासात विलासचं तोंड वाकडं झालं.

"बाबा, मिक्सरमध्ये काय वाटलंत? विषासारखं कडू लागतंय!"

"औषध हाय ते."

"मग ते उद्यापासून मिक्सरमध्ये नाही. बिल्कुल नाही."

म्हणून दामूनं बाजारातून पाटा-वरवंटा आणला. आणला दामूनं, वाटायला बसली गिरिजा.

"आवं, बैलाचा पाला त्या बाईच्या गुडघ्याला? उद्या शेपूट फुटलं तिला, तर?"

"हाडाला काय ठावं, ते कुणाचं हाय? तू वाट."

दामू पंचावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकला होता आणि ती वापरायला जागा मिळत नव्हती. त्यानं चिठ्ठी लिहिली. बैलाच्या मालकाला जे तोंडी सांगायचा तेच, जमेल तशा हिंदीत : पाला गरम करके बांधना. पंद्रह दिन काम को जुंपना नहीं. टोचना नहीं. सांज-सकाळ थोडा फिराना. गूळ देना.

खुरानासाहेबांनी ती चिठ्ठी दोन्ही सुनांना मोठ्यानं वाचून दाखवली आणि फ्रिजवर चिकटवली. तीस वर्षांत पहिल्यांदा खुरानाबाईंच्या हातातलं लाटणं सुटलं. सोळाव्या दिवशी बाई मिठाईचा डबा घेऊन जिना चढून आल्या.

"बाबाजी, चमत्कार हो गया!"

दामूला वाटलं, पाल्याचा गुण. पाला तेवढा त्याच्या डोक्यात चढला.

दिवसही तसेच होते. दुकानांत परदेशी बाटल्या आल्या होत्या, टीव्हीवर नवनवी चॅनलं आली होती, आणि रात्री ते सगळं पोटात घालणारी माणसं सकाळी जडीबुटी हुडकत फिरत होती. दामूच्या दाराशी रांग लागू लागली. कुणी शाल आणी, कुणी काजूकतली. दामूनं दाढी वाढवली. गिरिजा म्हणायची, "न्हाव्याचा कटाळा करत हुता, आता त्याचं बी पुण्य झालं."

विलासचे साहेब सूर्यकांतराव आर. के. पुरमहून बायकोला, कुमुदताईंना, घेऊन आले. कुमुदताईंची मान धरली होती.

"दामूअण्णा, ही विद्या कुठल्या परंपरेतली? गुरू कोण तुमचे?" साहेबांनी विचारलं.

दामूच्या डोळ्यांपुढं त्याचा थोरला बैल उभा राहिला. "हरण्या," तो बोलून गेला.

"हरण्यानंद महाराज?"

"व्हय," दामूनं डोळे मिटले. "लय शांत हुते. कधी शिंग उगारलं न्हाई."

स्वयंपाकघरात गिरिजाला हसू आवरेना, तिनं पदराचा बोळा तोंडात घातला.

कुमुदताईंनाही गुण आला. त्यांनाही चिठ्ठीत पंधरा दिवस होतेच.

अशी तीन वर्षं गेली. सगळ्या वसाहतीत फ्रिजांवर दामूच्या चिठ्ठ्या लागल्या. गिरिजा सकाळी स्वयंपाक करी, पोरीला न्हाऊ-माखू घाली आणि दुपारी पाट्यावर बसे.

"आवं, डावा हात पार बोटापत्तुर भरून येतुया. छातीत बी धरल्यावानी हुतंय."

"वाटून वाटून आसंल. लेप लाव."

"लेप मीच वाटायचा, मीच लावायचा? त्यापरास मला बी सोडा की पंधरा दिस जुवातनं."

"तू बसलीस तर पाला कोण वाटंल?"

ती हसली. तोही हसला. विलास म्हणाला, "आई, दवाखान्यात दाखवू या." तर दामूच चिडला, "वैद्याच्या घरचं माणूस डाक्टरकडं गेलं तर लोक काय म्हणतील?"

आषाढ लागला. एका दुपारी गिरिजा म्हणाली, "आज गावाकडं खांदेमळणी. उद्या बेंदूर."

दामूला भरून आलं. दर साली बैलांच्या सणाच्या आदल्या दिवशी तो हरण्याच्या खांद्याला तूप-हळद चोळायचा. त्यानं वाटीत तूप-हळद कालवली आणि गिरिजाच्या डाव्या खांद्याला चोळायला बसला.

"आज औत न्हाई गं तुला," तो म्हणाला.

"बरं वाटतंय. चोळा आजून जरा."

तेवढ्यात घंटी वाजली. दारात चौघे उभे होते. गिरिजानं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं 'बस' म्हणायला हवं होतं. तेवढंच म्हणायचं होतं.

तो म्हणाला, "आज जरा बारीक वाट."

तिनं हळदीच्या खांद्यावर पदर ओढला आणि वरवंटा हातात घेतला. चौथ्या माणसाचा पाला पाट्यावर तसाच राहिला. आवाज थांबला म्हणून दामू आत गेला, तर ती भिंतीला कलली होती. डॉक्टर म्हणाले, दुखणं काळजाचं होतं. हात दुखत होता तेव्हाच आणायला हवं होतं.

खुरानाबाई भेटायला आल्या. जिना भराभरा चढून आल्या, एकदाही कठड्याला धरलं नाही. दामूनं दुसऱ्या दिवशी दाढी उतरवली. बेंदूर होता.

गिरिजा दामू सरगर वारली ती सत्त्याण्णव सालच्या आषाढात, बेंदराच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला. वय अठ्ठावन्न.