मनगटावरची झोप

डॉक्टर आबेलानोसांनी पडद्यावरचा झोपेचा आलेख फेलिसाकडे वळवला.

"बघा, दोन आठवडे हा माणूस रोज तीन तासांच्या वर झोपलेला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मागे उन्मादाचा आजार उसळला तेव्हा सुरुवात अशीच झाली होती. रक्ताचा रिपोर्ट बघते आणि लिथियमचा डोस आजच वाढवते." त्या शेजारच्या खोलीत गेल्या.

क्रिसांतो, फेलिसाच्या शेजारी बसलेला तिचा धाकटा भाऊ, मात्र डाराडूर झोपून, दाढी करून, भात आणि सुकी मासळी हाणून आला होता. पडद्यावरची झोप त्याची नव्हतीच.

आजार उलटायच्या आधी झोप बिघडते. ती बिघडलेली मनगटावरच्या पट्ट्याला वेळेत कळते का, यावर डॉक्टरबाईंचं संशोधन चाललं होतं. वर्षभर पट्टा काढायचा नाही, असा नियम. क्रिसांतो मक्तान बेटावर गिटारी बनवायचा. पट्टा घासून नव्या पॉलिशवर ओरखडे उठायला लागले, तसा त्याने तो खुंटीला लटकवला. नोंदीत खंड पडला तर संशोधनातून याचं नाव कापतील आणि फुकटचे उपचार थांबतील, या धास्तीने फेलिसाने तो स्वतःच्या हातात चढवला. मोठी शहाणी! आज बेटावरून पूल ओलांडताना जीपनी बसमध्ये तिने तो परत भावाच्या मनगटाला बांधला होता.

"मानांग, गप्प बस हं," क्रिसांतो ताईच्या कानात कुजबुजला. "खोटेपणा कळला तर हाकलतील."

"आणि डोस वाढला म्हणजे? या गोळ्यांनी आत्ताच हात थरथरतात तुझे. गिटारीवर शिंपल्याची नक्षी काय पायाने बसवणारेस?"

"वाढीव गोळी घेणार कोण? खिशात टाकायची. सोपं आहे."

फेलिसाला ते दिवस आठवले. चार वर्षांपूर्वी हे असंच सोपं होतं. आधी एक गोळी चुकली, मग सगळ्याच. मग त्याने दुकानातल्या गिटारी रस्त्यावर वाटून टाकल्या आणि नाचत, गात भर समुद्रात चालत गेला. कोळ्यांनी ओढून काढला म्हणून आज हा समोर बसला होता. एवढं होऊन हा बाबा खिशाच्या गोष्टी करतोय, याचा तिला संताप आला.

डॉक्टरबाई परत आल्या. लेटरहेड पुढे ओढलं, पेन उघडलं.

"लिहू नका!" फेलिसा जवळजवळ ओरडलीच. "पट्टा मी बांधत होते, डॉक्टर. दोन आठवडे. तो ठणठणीत आहे. त्याला संशोधनातून काढायचं तर काढा, पण डोस वाढवू नका."

क्रिसांतोने कपाळावर हात मारला. बाईंचा चेहरा लाल झाला.

"तुम्हाला कळतंय का काय केलंत? त्याची झोप उडाली असती आणि तुमची चांगली असती, तर मी डोस कमी केला असता. मेला असता तो!"

बाई आणखी बोलणार होत्या, पण त्यांची नजर पडद्यावर गेली आणि तिथेच थांबली. पुढचं त्या अगदी हळू बोलल्या.

"म्हणजे ही झोप तुमची?"

"माझं काय हो, डॉक्टर! हा उठला की काय, म्हणून कानोसा घेत पडते. सवयच झालीये."

"कधीपासून?"

फेलिसा बोटांवर महिने मोजायला लागली, मोजता मोजता बोटं संपली. ती हसायला गेली, पण हसू काही आलं नाही.

"जेवतही नाही ती," क्रिसांतो एकदम म्हणाला. "चर्चमध्ये गायची, तेही सोडलंय. मला वाटलं, माझ्यावर रागावलीये." तो तिच्याकडे वळला. "मानांग, बोलली का नाहीस गं?"

"तू आजारी होतास ना, दोंग," ती धाकट्या भावाला म्हणाली. "घरात दोघांनी आजारी पडून कसं चालेल?"

बाईंनी क्रिसांतोची फाइल मिटली. त्याचं पुढे काय करायचं ते नंतर बघू, म्हणाल्या, आणि खणातून एक कोरा फॉर्म काढला.

"नाव?"

"अहो, मी पेशंट नाही," फेलिसा घाईघाईने उठली.

क्रिसांतोने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"फेलिसा ओम्पाड," त्याने सांगितलं. "मी तिचा भाऊ. तिच्यासोबत आलोय."