धैर्यशीलचं डोकं

ड्रोन माझ्या हातात असला की कावळासुदीक बाजूला होऊन वाट देतो, असं मी दुपारी तीन वाजता, भर मैदानात, साठ-पासष्ट माणसांसमोर म्हणलो. तीन वाजून दोन मिनिटांनी ड्रोन शाळेच्या घंटेवर जाऊन आदळला.

आमच्या शाळेची घंटा म्हंजी रेल्वेच्या रुळाचा तुकडा, व्हरांड्याच्या वाशाला तारेनं टांगल्याला. असा ठण्ण् आवाज झाला की नव्वद सालची दहावीची बॅच, सगळी पन्नाशी उलटल्याली, कुणाचा गुडघा बदलल्याला, कुणाच्या घरात सून आल्याली, ती उठली आणि रांगा लावून उभी ऱ्हायली. संयोगिता तवा आमची मॉनिटर व्हती, आता साताऱ्यात प्राध्यापक हाय. ती तर "हातभर अंतर ठेवा!" म्हणून ओरडली बी. मग सगळी एकमेकांकडं बघून हसाय लागली. मी सोडून.

कारण मी शांतिनाथ, आष्ट्यातला फोटोवाला, मैदानात गुडघ्यावर बसून ड्रोन तपासत व्हतो. पंखे शाबूत, बॅटरी शाबूत. पर माझा ड्रोन जुना, त्याचा कॅमेरा वेगळा असतो, काड्यापेटीएवढा. तो खाली एका चिमट्यात बसतो आणि चिमटा चार रबरी मण्यांवर लटकतो, म्हंजी पंख्यांची थरथर फोटोत येत न्हाई. त्यातले तीन मणी तुटलेवते. चौथ्यावर कॅमेरा असा लोंबत व्हता, जसा पोराचा हलणारा दात.

"शांत्या," धैर्यशील वाकून म्हणला, "माझं डोकं परत गेलं का रं?"

ह्ये डोक्याचं सांगायला पायजे.

नव्वद साली शाळेचा ग्रुप फोटो काढला गावातल्या फोटोवाल्या लालासाहेबांनी. त्यांचा कॅमेरा वडिलांच्या येळचा, लाकडी, तीन पायांचा. काळ्या कापडाखाली शिरायचं, काचेवर चित्र बघायचं, मग भाईर येऊन कॅमेऱ्याशेजारी उभं ऱ्हायचं. लेन्सचं झाकण काढून हात वर धरायचा, "हलू नका! एक... दोन... तीन..." आणि झाकण परत लावायचं. तेवढ्या वेळात हाललं त्ये माणूस फोटोत येत न्हाई. नेमकं दोनला कौलातली गांधीलमाशी धैर्यशीलच्या कानावर बसली. फोटोत त्रेसष्ट पोरं स्वच्छ आली. मागच्या रांगेत मधी एक सदरा आला, त्याला पाच बटणं आली, आणि सदऱ्याच्या वर नुसता धूर.

त्याच वर्षी धैर्यशील मिलिट्रीत भरती झाला. त्याच्या आईनं, लीलाबाईनं, त्यो फोटो भिंतीला लावला. घरी येईल त्या माणसाला बोट लावून दाखवायची, "ह्यो माझा धैर्या. जरा हाललाय." ल्योक काश्मिरात, आसामात, कुठं कुठं. आणि ही माऊली हितं पस्तीस वर्षं धुराला हात जोडतीया.

आता धैर्यशील सुभेदार होऊन रिटायर झाला, साताऱ्याला घर बांधलं. शाळा उद्या पाडणार, तिथं स्लॅबची नवी होणार. म्हणून बॅच गोळा झाली, जाता जाता शाळेपुढं एक फोटो. आणि लीलाबाई, वय चौऱ्याऐंशी, पहिल्या रांगेत खुर्ची टाकून सकाळी नऊपास्नं बसल्याली. मी आल्या आल्या माझं मनगट धरलं.

"शांतू, जुन्या फोटोशेजारी खिळा मारून ठेवलाय बग मी. मरायच्या आधी एकदा त्याला डोक्यासकट बघू दे."

"आवं काकी, ह्येच्या डोक्यावरचे केस बी मोजून घ्या."

"केस ऱ्हायल्यात कुठं? नुसतं डोकं आण."

तर असं सगळं त्या चार मण्यांवर लटकत व्हतं. रविवार, सांगलीची दुकानं बंद. सूर्य पाच-सवापाचला शाळेमागं जाणार. संयोगिता म्हणली, "लालासाहेबांकडं जा की रं. तू त्यांच्याकडंच शिकलास न्हवं?"

"त्ये हायत का अजून?" धैर्यशील म्हणला. "ग्रुपवर तर श्रद्धांजली आलीवती."

आलीवती खरी. दोन वर्सांमागं कुणीतरी चुकून टाकली आणि आमी बासष्ट जणांनी हात जोडले. मी बी जोडले. मी त्यांच्याकडं सहा वर्षं शिकलो, पर डिजिटल आल्यापास्नं त्यांच्या गल्लीतनं गाडी सुदीक घातली न्हवती. कुठल्या तोंडानं जायाचं?

गेलो. मोटरसायकलवर मी पुढं, मागं धैर्यशील, डोक्याला फेटा, मांडीवर ड्रोन तान्ह्या पोरासारखा. वाटेत एक म्हातारा थांबवून विचारतोय, "नवरदेव, पाळण्यात काय हाय?"

लालासाहेब अंगणात लिंबाच्या झाडाखाली खाटेवर बसलेवते. एकोणऐंशी वर्सांचे, चष्म्याला दोरा. माझ्याकडं बघून म्हणले, "या. मी वारलो म्हणं."

"आवं, त्ये चुकून..."

"फोटो तरी बरा लावलावता का?"

"फोटो न्हवता. तुमचा फोटो कुणापाशीच न्हाई."

"कसा असंल? काढत मी व्हतो." आणि हात पुढं केला. "आण त्ये चिलट हिकडं."

आत गेलो तर अजून फोटो धुवायच्या हायपोचा त्यो आंबट वास. लाल बल्ब जाग्यावर, फोटो सुकवायची दोरी जाग्यावर, तिच्यावर आता दोन बनियनी. कपाटाच्या खणावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी, "निगेटिव्ह १९९३ लग्न". मी बघत उभा ऱ्हायलो तर मागनं आवाज आला, "रडायचं नंतर. सायकलची वालट्यूब शोध. तिसरा खण."

वालट्यूब म्हंजी सायकलच्या व्हॉल्ववरची बारकी रबरी नळी. त्येंनी ब्लेडनं तिचे चार तुकडे केले, दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधली, चार मणी तयार. चिमटा वाकडा झालाता, त्यो दाढंत धरून सरळ केला.

"ह्या रबरावर तुझी थरथर बी गप बसंल," म्हणले. "कंपनीला काय कळतंय रबरातलं!"

कॅमेरा चिमट्यात बसवला. तपासायचं म्हणून धैर्यशीलला म्हणलो, ड्रोन डोक्यावर धर आणि लिंबाकडं तोंड करून उभा ऱ्हा. त्यो सुभेदार, सावधान झाला. माझ्या हातातला पडदा उन्हानं दिसंना. लालासाहेब आत गेले आणि त्ये जुनं काळं कापड घेऊन आले. माझ्या आणि सवताच्या डोक्यावर घातलं.

आत अंधार, कापूर आणि तपकिरीचा वास. पस्तीस वर्षं झाली, पर कापडाखाली माझं वय सोळाच. पडद्यावर लिंबाचं झाड, पानन् पान दिसत व्हतं.

"फोकस?" लालासाहेबांनी विचारलं, तवा विचारायचे तसंच.

"बरोबर."

"कड?"

"बरोबर."

"मग भाईर हो."

"उतरवू का हात?" भाईरनं धैर्यशील म्हणला. "मुंग्या आल्या."

साडेचारला तिघं मोटरसायकलवर शाळेत. लालासाहेबांना बघून सगळी बॅच उठली, बासष्ट श्रद्धांजल्या एकदम पायाला हात लावाय लागल्या. "जिवंत माणसाला एवढं वाकू नका," त्ये म्हणले, "परत मारशिला."

मी ड्रोन उडवला. वालट्यूबचा भरवसा न्हाई, म्हणून उंच नेला न्हाई, माणसाच्या डोक्यावर दोन हात, बास. एवढ्या उंचीवर स्टुलावर उभं राहून मोबाईलनं बी फोटो निघाला असता. पर तसं कुणी म्हणलं न्हाई, कारण कार्यक्रमाच्या बॅनरवर ड्रोन छापल्याला व्हता.

संयोगिता रांगेतनं माझ्याकडं आली, पडद्यात डोकावली.

"शांत्या, आमी सगळी वटवाघळं का दिसतोय?"

मी बघितलं. वर माणसं, खाली आभाळ. शाळा कौलांवर उभी. कॅमेरा उलटा बसवला व्हता. आणि आमी दोघांनी कापडाखाली त्यो उलटा लिंब चांगला मिनिटभर बघितला, पर खटकलं न्हाई. जुन्या कॅमेऱ्याच्या काचेवर जग कायम उलटंच दिसायचं. सहा वर्षं मी नवरा-नवरी खाली डोकं वर पाय अशीच बघितली, आणि सगळ्यांची लग्नं टिकली.

"मग?" लालासाहेब म्हणले. "कॅमेऱ्यात माणूस उलटंच असतंय."

"आता परत उतरवू का?"

"ऊन चाललंय!" लीलाबाई खुर्चीतनं ओरडली. "उलटं तर उलटं, डोकं हाय न्हवं?"

व्हतं. मागच्या रांगेत मधी, त्याच जागी. फोटो नंतर कॉम्प्युटरवर सुलटा करता येतोय. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी उडवला तसा ड्रोन जन्मात उडवला न्हाई. पडद्यावर डावीकडं सरकायचं तर बोट उजवीकडं, वर तर खाली. डोकं विचार करायच्या आत हात चालत व्हते. कुठं शिकले, त्येंनाच ठावं. शाळेशेजारचा पिंपळ आला, कौलं आली, रुळाची घंटा आली, चौसष्टच्या चौसष्ट माणसं आली.

पर ती हालायची थांबंनात. कोण फेटा सारखा करतंय, कोण चिमटा काढतंय, दीपाली आणि चंदनबाला दोघी मुलींच्या रांगेत तवासारख्याच भांडतायत. मी ओरडून दमलो.

तवा ड्रोनपुढं दोन पावलांवर लालासाहेब जाऊन उभे ऱ्हायले. कुणी सांगितलं न्हाई. खिशातनं झाकण काढलं. जुन्या लेन्सचं, कातड्याचं. हात वर केला.

"हलू नका!"

पन्नाशीची सगळी बॅच दगड झाली. जेवणाच्या मंडपाभोवती घुटमळणारं भुकेलं कुत्रं सुदीक बसलं.

"एक..."

कौलातनं गांधीलमाशी आली. मी शपथेवर सांगतो. सरळ धैर्यशीलच्या कानावर बसली.

"धैर्या!" लीलाबाई मागं न बघता म्हणली. "मेलास तरी हालू नगं!"

"दोन..."

त्यो हालला न्हाई. नाकावर घाम, कानावर माशी, मान ताठ. तीस वर्षं बॉर्डरवर उभा असल्यासारखा उभा. पडद्यावर मधीच काय तरी काळं आल्यागत वाटलं. मला वाटलं, पिंपळाचं पान असंल.

"तीन!"

मी बटण दाबलं. खट् झालं, मग वालट्यूब तुटली. कॅमेरा सुटून जेवणाच्या मंडपात गेला आणि मठ्ठ्याच्या पिंपात पडला. धैर्यशील कान धरून खाली बसला आणि हसाय लागला. लीलाबाई उठून त्याच्या डोक्यावर हात फिरवत व्हती, त्यो कानावर बर्फ मागत व्हता. पोराबाळांगत टाळ्या वाजल्या. मठ्ठा बी वाढला, कुणी नको म्हणलं न्हाई.

कॅमेऱ्यातलं कार्ड धुऊन रातभर तांदळात ठेवलं. सकाळी आठला जेसीबी आला. कौलं ट्रॅक्टरात भरून निघाली, रुळाचा तुकडा संयोगिता साताऱ्याला घेऊन गेली. दहाला मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं, फोटो सुलटा केला आणि मोठा करून लीलाबाईकडं घेऊन गेलो. तिनं नवा खिळा दाखवला.

फोटोत त्रेसष्ट माणसं स्वच्छ आली. शाळा आली, पिंपळ आला, मठ्ठ्याचं पिंप आलं. धैर्यशीलच्या कानावर सूज आली, पर ती फोटोत दिसत न्हाई, कारण त्याच्या डोक्याच्या जागी लालासाहेबांचा हात आला आणि हातात लेन्सचं झाकण.