चौदा नंबरचं घर

“बरोबर जायचं नाही म्हणजे नाही, काशीरामकाका!” मी तिसऱ्यांदा बजावलं. “कागद हातात द्यायचा आणि इथेच थांबायचं. माणसं आपली आपण फिरतील. तीच तर गंमत आहे.”

“मी खंय जातंय?” असं म्हणत म्हणत काका वाचनालयाच्या तिन्ही पायऱ्या उतरून रस्त्यावर पोचलेसुद्धा.

रविवारची सकाळ. साडेसात. पंच्याऐंशी सालचा जानेवारी, पार्ल्यात थंडी म्हणावी एवढी थंडी आणि हवेत बिस्किटं भाजल्याचा वास. आमच्या सुबोध वाचनालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून हा घाट घातला होता. अध्यक्ष भाऊ गद्रे यांच्या भाच्याने परदेशात पाहिलं होतं म्हणे, की जुन्या वस्तीचा एक कागद मिळतो, तो घेऊन ज्याने त्याने आपल्या पायांनी, आपल्या वेगाने हिंडायचं. सांगणारा, ओरडणारा कोणी नाही. भाऊंना ती कल्पना इतकी आवडली की कागद आपणच लिहिणार, असं त्यांनी जाहीर केलं आणि दिवाळीत पाय मोडून घेतला. मग पार्ल्यातलं प्रत्येक घर माहीत असलेला दुसरा माणूस कोण? काशीराम घाडी. वीज कंपनीचे मीटर रीडर. तेहतीस वर्षं याच गल्ल्यांतून फिरलेले आणि महिनाअखेर निवृत्त होणारे.

त्यांनी चौदा घरं लिहून आणली. मी वाचनालयाची मदतनीस, मृणालिनी. स्टेन्सिल मीच कापलं. दहा माणसं आली तरी डोक्यावरून पाणी, असं आम्ही धरून चाललो होतो आणि पावणेआठलाच पायऱ्यांवर चाळीस जण! लेंगा-सदऱ्यातले आजोबा, कॉलेजच्या मुली, शिवाय चक्क विक्रोळीहून आलेलं एक जोडपं. माझा आवाज आनंदाने चिरकायला लागला होता.

काकांची तर स्वारी जमिनीवर नव्हतीच. कडक इस्त्रीचा खाकी सदरा, डोक्याला तेल, आणि पँटीवर गुडघ्यापर्यंत पांढरी बोटं पुसलेली. पहाटे कोणाच्या दारात रांगोळी काढून आले की काय, असं मी चिडवलं तर नुसते हसले.

“मृणालताई, माका रात्रभर झोप नाय,” ते हळूच म्हणाले. “रुक्मिणीबाई येतत आज. बोरिवलीसून. मुलगो स्कूटरवर घेऊन येता. अठ्ठ्याहत्तर वर्सांची म्हातारी, स्कूटरवर! धा वाजता चौदा नंबरला येऊन बसतली.”

मी हातातले कागद उगाचच सारखे करायला लागले.

कारण कागदावर चौदा नंबर नव्हता.

चौदा नंबर म्हणजे ‘श्रमसाफल्य’, रुक्मिणीबाई आठवल्यांचा बंगला. चार महिन्यांपूर्वी विकला गेला, पाडला गेला. आता तिथे मोकळा प्लॉट होता आणि लवकरच पाच मजले उठणार होते. शेवटचं रीडिंग घ्यायला काकाच गेले होते. दर महिन्याला बाई त्यांना मागच्या दाराशी पाण्याचा तांब्या द्यायच्या, तसा त्या दिवशीही दिला आणि म्हणाल्या, “आता कुठल्याच कागदावर आमच्या घराचं नाव राहणार नाही रे.” काका म्हणाले, “ऱ्हवतला.” राहील. हा वाचनालयाचा कागद आला तेव्हा त्यांना तो शब्द पाळायची संधी मिळाली.

आणि भाऊ मला म्हणाले होते, “मोकळ्या प्लॉटवर नेऊन लोकांना काय दाखवणार? खड्डा? काढा तो नंबर.” भाऊंनी सांगितलं हे खरं, पण काट मी मारली. काकांना सांगायचं धाडस आज करू, उद्या करू म्हणता म्हणता रविवार उजाडला. त्यांना मी कागद दिला तर घडी घालून त्यांनी खिशात ठेवला. “माझाच लिवलेला मी काय वाचू?”

आठ वाजता पहिली जोडी निघाली. मग दुसरी, तिसरी. काका प्रत्येकाला हात जोडत होते, जणू घरचं लग्न आहे. साडेनऊपर्यंत सगळं झकास चाललं होतं.

तेवढ्यात तीन नंबरच्या बंगल्यातल्या सुलक्षणा दामले तरातरा आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, पण आवाज अजून वर्गावरचा.

“मृणालिनी! माझ्या जिन्याखाली सहा माणसं वाकून उभी आहेत. हा काय प्रकार आहे?”

त्यांच्यामागून भाऊ, काठी टेकत, लालबुंद होऊन आले. हातात कागद. “अहो वाचा, वाचा हे! ‘नंबर तीन. फाटकाची कडी वर उचलावी. कुत्रा भुंकतो, चावत नाही. विहिरीच्या अंगाने मागे यावे. जिन्याखाली वाकावे. डोके सांभाळावे.’ काशीराम, अहो, दामल्यांच्या घराला समोर रंगीत काचांची कमान आहे! सगळं पार्लं ती बघायला येतं आणि तुम्ही लोकांना मोरीमागे नेलंत?”

काका गोंधळले. “कमान? थंय कमान आसा?”

भाऊंनी काठी उचलून तीन नंबरच्या दिशेने दाखवली.

“मी कधी समोरसून गेलंयच नाय,” ते म्हणाले. “मीटर मागे आसता ना.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेहतीस वर्षं या माणसाने अख्खं पार्लं मागच्या बाजूने पाहिलं होतं, जिन्याखालून, टॉर्चच्या उजेडात. त्यांनी लिहिलेली चौदाच्या चौदा घरं ही चौदा मीटरांची यादी होती! आणि मी शहाणी, तो कागद गमतीदार वाटतो म्हणून जसाच्या तसा टाइप केला. एकदा फिरून बघावं, एवढंही सुचलं नाही. माझे वाभाडे निघायचे तेवढे बाकी होते.

“चला, आधी त्या लोकांना बाहेर काढा,” सुलक्षणाबाई म्हणाल्या. आम्ही सगळे धावलो.

तीन नंबरच्या जिन्याखाली सहाची दहा माणसं झाली होती आणि एकही बाहेर यायला तयार नव्हता. विक्रोळीचे गृहस्थ काडी पेटवून जुन्या लाकडी फळीवरच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचत होते. प्रत्येक फ्यूजखाली एक पिवळी चिठ्ठी, त्यावर दौतीच्या शाईने खोलीचं नाव.

“देवघर… माडी… बाळंतिणीची खोली… अरे वा! आणि हे काय? ‘सुलूचा अभ्यासाचा दिवा. हा कोणी काढू नये.’”

“काय म्हणालात?” सुलक्षणाबाईंचा आवाज एकदम खाली आला.

त्या वाकल्या. आयुष्यभर त्या घरात राहिलेली ती बाई पहिल्यांदाच आपल्या जिन्याखाली वाकली होती. “दादांचं, माझ्या वडिलांचं अक्षर,” त्या म्हणाल्या. “माझ्या मॅट्रिकच्या वर्षी लावलाय. मला कधी बोलले नाहीत हो.” मग पदराने नाक पुसलं आणि मागे वळून ओरडल्या, “अगं जयंती, कॉफी टाक! सगळ्यांना!”

मग काय विचारता! सात नंबरला लढाईच्या वेळी ब्लॅकआउटसाठी काळा रंग फासलेला दिवा तसाच सापडला. नऊ नंबरचे मालक लोकांना हाकलायला बाहेर आले ते स्वतःच टॉर्च आणून सगळ्यांच्या पुढे वाकले. कॉलेजच्या मुली परत येऊन सांगत होत्या, “काका, सॉलिड यार! आम्ही दोनदा जाणार.” जिकडेतिकडे माणसं डोक्याची जळमटं झटकत हसत होती. मी तर नाचायचीच बाकी होते. भाऊंची कमान कोणाच्या लक्षातही नव्हती.

भाऊ मात्र ऐकेनात. कॉफीचा कप खाली ठेवत म्हणाले, “ठीक आहे, निभावलं. बरं झालं, तो चौदावा तरी मी काढायला लावला.”

काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग खिशातला कागद काढला. घडी उलगडली. बोट ठेवत ठेवत एकेक नंबर वाचला. तेरावर बोट थांबलं. कागद उलटा करून पाहिला. पाठ कोरी होती.

“चौदा नंबर खंय गेलो, ताई?”

“मी काढला,” मी म्हणाले. “मला तुम्हाला सांगायचं होतं. चुकलं माझं.”

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी कागद पूर्वीसारखी घडी घालून खिशात ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला पाच कमी. “धा वाजल्यापासून बसली आसतली बाई,” एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

मी मागे धावले. काका भरभर चालत होते, पावलं पाठ असलेल्या माणसासारखे, कुंपणांच्या फटींतून, विहिरींच्या कडेने. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. उजाड प्लॉट, दगडावर बसलेली म्हातारी, तिच्यापुढे कोणी नाही. स्कूटरवर बसून इतक्या लांब आली, ती खड्डा बघायला. कुठून मी ती काट मारली!

वाटेत तेरा नंबर लागला. तिथे चिटपाखरू नव्हतं. इतक्या लोकांपैकी इथे एकही नाही? काका पुढे गेले. मी मात्र, का कोण जाणे, जिन्याखाली वाकले. डोकं आपटलंच. फळीच्या खाली, भिंतीवर, पांढऱ्या खडूने ठसठशीत लिहिलं होतं: १४. आणि बाजूला बाण, मागच्या फाटकाकडे.

“काका!” मी ओरडले. “हे काय आहे?”

ते परत आले, वाकून बघितलं, आणि कपाळावर हात मारला. “अरे देवा. माझ्या ध्यानातच नाय ऱ्हवला.”

त्यांच्या खात्यातली जुनी रीत होती. नवा माणूस या वाटेवर येणार असला की जुना माणूस प्रत्येक मीटरखाली पुढच्या घराचा नंबर आणि बाण काढून ठेवतो, म्हणजे नवख्याला दारोदार विचारत फिरावं लागत नाही. आपल्याला बरोबर जायची परवानगी नाही म्हटल्यावर काकांनी पहाटे पाचला उठून तेराच्या तेरा घरी खडू मारला होता. पँटीवरची ती पांढरी बोटं!

“म्हणजे लोक…” मी म्हणाले, आणि आम्ही दोघंही पळत सुटलो. साठीला टेकलेले काका माझ्या पुढे होते.

‘श्रमसाफल्य’च्या प्लॉटवर जत्रा भरली होती.

घर पाडणाऱ्यांनी मागच्या कुंपणाची भिंत तेवढी ठेवली होती. तिला टेकवून काकांनी, घर पाडताना मागून घेतलेली तिथली मीटरची फळी पहाटेच उभी केली होती, चिठ्ठ्यांसकट. एक आजोबा चिठ्ठी वाचत आणि रुक्मिणीबाई, नऊवारी खोचून, काठीने मातीत खोली दाखवत.

“ओटी!”

“ही, तुम्ही उभे आहात ती.”

“माजघर!”

“इथे. इथे माझ्या दोन्ही नणंदांची लग्नं ठरली. आणि बाळा, तू भिंतीतून चाललायस. दार तिकडे आहे.”

तो कॉलेजचा मुलगा मुकाट्याने मागे फिरला आणि नसलेल्या दारातून आत आला. कोणी हसलं नाही. बघता बघता तीस-चाळीस माणसं त्या मोकळ्या मातीत दारं सांभाळून फिरायला लागली. विक्रोळीची बाई स्वयंपाकघरात शिरताना चपला काढून आली. भाऊसुद्धा रिक्षा करून आमच्या आधी पोचले होते. काठीवर भार देऊन, दाराची वाट सोडून उभे होते.

आम्ही आलो ते मागच्या बाजूने, पडक्या भिंतीच्या खिंडारातून. काकांना दुसरी वाट माहीतच नव्हती. खिंडाराशी येऊन ते थांबले, नेहमी पाण्यासाठी थांबायचे तसे, हात पुढे धरून.

रुक्मिणीबाईंनी त्यांना पाहिलं.

“काशीराम,” त्या म्हणाल्या, “तिथे नको थांबूस. समोरून ये.”

काका जागचे हलेनात. मग वळले. कुंपणाच्या बाहेरून सगळ्या प्लॉटला वळसा घालून रस्त्यावर गेले. समोरच्या लाल कोब्याच्या दोन पायऱ्या कशा कोण जाणे अजून शाबूत होत्या. तिथे तीन-चार जण गप्पा मारत उभे होते.

“अहो, दारातून सरका जरा,” बाई त्यांना म्हणाल्या. “माणूस आत येतोय.”

माणसं बाजूला झाली. काशीरामकाकांनी पहिल्या पायरीवर चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, खाकी सदरा खाली ओढून सारखा केला आणि आत आले.