दोन चुली आणि शांतव्वाची पितळी

मी एक जुनी पितळी आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी पितळी पाहिलीही नसेल, म्हणून सांगते. पितळी म्हणजे उभ्या काठाचं, जरा खोलगट, पितळेचं जेवायचं ताट. आमटीत भाकरी कुस्करून खाणाऱ्या माणसाला तेच सोयीचं पडतं.

शांतव्वाचं लग्न झालं त्या साली माझा जन्म झाला. लग्न उन्हाळ्यात झालं आणि त्याच थंडीत कोयनेचा भूकंप झाला. त्या पहाटे मी फळीवरून खाली पडले आणि माझ्या काठाला पोचा आला. संकेश्वरच्या एका तांबटानं मला घडवलं होतं. त्यानं पत्रा गोल कापला, तापवला आणि मोगरीनं ठोकून ठोकून माझा काठ उभा केला. शांतव्वाच्या वडिलांनी लेकीच्या रुखवतात मला ठेवलं आणि मी तिच्याबरोबर कोल्हापुरात, शंकरप्पाच्या घरी आले.

तेव्हा गल्लीत कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून तो भाता लावायचा, निखाऱ्यावर मला धरायचा आणि नवसागराची पूड टाकायचा. पांढरा धूर उठायचा. मग तो कथील लावून बोळा फिरवायचा की मी चांदीसारखी उजळायचे. कल्हई गेली की पितळेत आमटी कळकते, म्हणून शांतव्वा त्याची वाट पाहायची. पुढं घरात स्टील आलं. बाकीची पितळेची भांडी मोडीत गेली, कल्हईवालाही वर्षा-दोन वर्षांनी एकदा दिसू लागला. मी तेवढी राहिले, कारण शांतव्वा माझ्याशिवाय जेवायला बसत नसे. "स्टीलमदनं जेवलं की पावण्यागत वाटतंय," असं ती म्हणायची.

आता मुख्य गोष्ट सांगते. दर दहा वर्षांनी आमच्याकडं शिरगणतीचा माणूस यायचा. सरकार तिला जनगणना म्हणतं, पण घरात शब्द शिरगणतीच. तो सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, बसायचा. शंकरप्पा त्याच्यापुढं सुपारी ठेवून घरातल्या एकेकाचं नाव सांगायचा. त्या काळी आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नसे आणि बायको नवऱ्याचं. एरवी शंकरप्पाची हाक म्हणजे "अगं ए". पण सरकारी माणसापुढं नाव सांगावंच लागे. "बायको. शांतव्वा," असं तो घसा खाकरून म्हणायचा. शांतव्वा दाराआड भाकरी थापत असायची. नाव कानावर पडलं की तिचा हात परातीत थांबायचा. एका शिरगणतीला तर तव्यावरची भाकरी करपली आणि सासूनं तिला सगळ्यांदेखत बोल लावले. तरी त्या दिवशी ती माझ्यात जेवली ती हसत हसतच.

शंकरप्पा वारला आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी दोन्ही मुलांनी चुली वेगळ्या केल्या. थोरला मृत्युंजय शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर होता. धाकट्या विरुपाक्षचं गल्लीच्या तोंडाला किराणा दुकान होतं. मोठं भांडण असं काही नव्हतं. मधे भिंत घातली, दोन खोल्या इकडं आणि दोन तिकडं झाल्या. पुढचा सोपा आणि मागचं परडं दोघांत राहिलं. आईची व्यवस्था त्यांनी आपल्याकडच्या रीतीनं केली. एक महिना थोरल्याकडं जेवायचं, एक महिना धाकट्याकडं. झोपायची ती सोप्यातच. अवस आली की संध्याकाळी शांतव्वा मला चिंचेनं लख्ख घासायची आणि एका स्वयंपाकघरातून उचलून दुसऱ्यात नेऊन ठेवायची. कुणी "चल" म्हणायला लागत नसे. पितळी फळीवर दिसली की सुनेला कळायचं.

दोन्ही सुना वाईट नव्हत्या. भाकरी गरमच मिळायची. पण मित्रांनो, जे सगळ्यांचं असतं ते कुणाचंच कसं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दोन हजार अकरा साली शिरगणती आली. गणपतराव नावाचे वयस्क गुरुजी कागदांचा गठ्ठा घेऊन फिरत होते. शांतव्वा तेव्हा नृसिंहवाडीला दर्शनाला गेली होती. थोरल्याच्या दारात गुरुजींनी विचारलं, तर मृत्युंजय म्हणाला, "अव्वा सध्या धाकट्याकडं जेवतीया." ते खरं होतं. धाकट्याच्या दारात विचारलं, तर विरुपाक्ष म्हणाला, "तिचं नाव रेशन कार्डात थोरल्याकडं हाय. तितंच लिवलं आसंल." तेही खरंच होतं. दोघंही खरं बोलले आणि शांतव्वा कुठंच लिहिली गेली नाही.

तिला हे पुढं कळलं. उन्हाळ्यात गुरुजी विरुपाक्षच्या दुकानात शेंगदाणे घ्यायला आले. ती तिथं पोत्यावर बसली होती.

"मावशी, तुम्ही गावाला असता का हल्ली?" गुरुजींनी विचारलं.

"कशाला गावाला? हितंच हाय की मी. ह्येच माझं घर."

गुरुजींनी दोन्ही घरांतली नावं मनाशी आठवली. त्यांचा चेहरा उतरला. "मावशी, मग तुम्ही राहिलात हो. आता सगळे कागद वर गेले. आता काही करता येत नाही मला."

त्या रात्री ती माझ्यापुढं बसून राहिली. आमटी गार झाली. मृत्युंजय म्हणाला, "अव्वा, एवढं काय मनाला लावून घेतीस? रेशन बंद झालं व्हय त्यानं?"

"रेशनाचं न्हाय रं," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या देशात सगळ्यांस्नी मोजलं. मी हाय का न्हाय, एवढंच इचारतो."

पुढच्या शिरगणतीला आपण दारातून हलायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. पण पुढची शिरगणती वेळेवर आलीच नाही. करोना आला आणि ती लांबत गेली. शांतव्वा सोप्यात बसून गल्लीत येणाऱ्या प्रत्येकाला हटकायची. विजेचं मीटर बघणाऱ्याला, पोलिओच्या डोसवाल्या बाईला, कुणालाच सोडायची नाही. "शिरगणतीवाला हाईस का रं?"

"नाही आज्जी, मतदार यादीचा आहे."

"मत देतो की मी दर खेपंला. त्ये न्याला येतासा. मोजायला तेवढं कुनी येत न्हाय."

गल्लीतली पोरं तिची नक्कल करू लागली. तिनं मनावर घेतलं नाही. मनात मात्र एक धाकधूक होती, ती फक्त मला माहीत होती. भाकरी कुस्करताना ती पुटपुटायची, "मोजायला येतील तवर र्‍हातो का न्हाई कुनास ठावं."

यंदाच्या उन्हाळ्यात एकदाचे ते आले. ही पहिली फेरी घरांची होती. कोणतं घर, त्यात किती कुटुंबं, किती माणसं, काय सोयी, एवढंच त्यात लिहितात. नावानिशी माणसं नंतरच्या फेरीत मोजतात. आमच्या गल्लीत संयोगिता मॅडम आल्या. त्या प्राथमिक शाळेत शिकवत. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, खांद्याला पाण्याची बाटली आणि हातात मोबाईल. कागद आता नव्हताच.

पण यंदा एक घोटाळा होता. अधिक महिना आला होता, ज्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. तो दर तीन वर्षांच्या आसपास येतो. दोन्ही मुलांत सहा-सहा महिने वाटलेले, तेरावा महिना कुणाच्याच वाटणीला नव्हता. आजवर त्याची अडचण आली नव्हती. त्या महिन्यात शांतव्वा जावयाला धोंड्याचं वाण द्यायला गडहिंग्लजला लेकीकडं जायची आणि लोक नावं ठेवत असतानाही महिनाभर तिथंच राहायची. यंदा लेकच नातीच्या बाळंतपणाला बेंगळुरूला गेलेली. म्हणून शांतव्वा दुपारी एकीकडं आणि रात्री दुसरीकडं जेवत होती. दिवसातून दोनदा मला घेऊन ती सोपा ओलांडायची.

मॅडमनी थोरल्या सुनेला, महादेवीला, विचारलं, "घरात किती माणसं राहता?"

"आम्ही चौघं."

मग धाकट्या सुनेला, सरोजाला, विचारलं. "आम्ही तिघं," ती म्हणाली.

मॅडम मोबाईल बंद करणार, एवढ्यात सोप्यातून आवाज आला. "आनी मी गं, मॅडम?"

शांतव्वा मला मांडीवर घेऊन बसली होती.

"आज्जी, तुम्ही जेवता कुणाकडं?"

"दुपारी हिकडं, सांच्याला तिकडं. ह्यो म्हैना जादाचा हाय. कुनाच्याच वाटणीचा न्हाय."

मॅडम पायरीवर बसल्या आणि पाणी प्यायल्या. रविवार होता, त्यामुळं मृत्युंजय घरी होता. विरुपाक्षही दुकानातून आला.

"ज्येष्ठ म्हैना माझा, त्ये मला मान्य हाय," विरुपाक्ष म्हणाला. "पर खरा ज्येष्ठ अजून फुडं हाय. ह्यो अधिक."

"मग काय माझा व्हय? माझा वैशाख झाला की पुरा!"

"दादा, तू थोरला हाईस. जादाचं थोरल्यानं घ्यायचं."

"आं? आनी भिंत घालताना कोन थोरला हुतं रं? तवा इंचा इंचाला भांडलास!"

"अहो, पण एका कुणाकडं तरी सांगा ना," मॅडम म्हणाल्या.

"दादाकडं लिवा."

"त्याच्याकडं लिवा."

शेजारची बायामाणसं दारात आली होती. शांतव्वानं मला जमिनीवर आपटलं. माझा आवाज झाला तसे दोघं तिच्याकडं वळले.

"मॅडम, वेगळी चूल आसली तर वेगळं घर धरतासा व्हय?"

"स्वयंपाक वेगळा असला तर वेगळं कुटुंब धरतो, आज्जी. पण ते खरं असायला हवं. मला मनानं काही लिहिता येत नाही."

"मनानं लिव्ह म्हून कोन म्हंतंय तुला? परवा ये."

दुसऱ्या दिवशी शांतव्वानं परड्यात पेरूच्या झाडाखाली तीन विटा मांडल्या. दोघींकडून पीठ आणि मीठ मागून आणलं. गुडघे वाकत नव्हते, म्हणून पाटावर पाय लांब करून ती भाकरी थापायला बसली. किती वर्षांनी तिनं थापली होती! पहिली भाकरी फाटली. दुसरी टम्म फुगली.

मृत्युंजय घाबराघुबरा होऊन मागं आला. "अव्वा, गल्ली बघतीया. दोन दोन पोरं आसून म्हातारी वेगळी रांधतीया म्हंतील."

"म्हनू दे. तुमी माझी न्हाईसा आसं मी कुटं म्हंतो? मी हाय, एवढंच लिवून घ्याचं हाय मला."

मॅडम सांगितल्याप्रमाणं आल्या. आता दोघं भाऊ दारातच उभे. "मॅडम, अव्वाला आमच्यात धरा." "न्हाय, न्हाय, आमच्यात." मॅडम थेट परड्यात आल्या. त्यांनी चूल पाहिली, तवा पाहिला.

"आज्जी, हे एका दिवसापुरतं असलं तर मला लिहिता येणार नाही. रोज इथंच करणार का?"

"जित्ती हाय तवर."

मॅडम चुलीपाशी बसल्या आणि मोबाईल उघडला. "कुटुंबात माणसं किती?"

"येक."

"मुख्य धान्य कोणतं खाता?"

"जोंधळा. ठळक लिव्ह."

"टीव्ही?"

"न्हाय."

"इंटरनेट?"

"त्ये काय अस्तंय?"

"गाडी, सायकल?"

"ह्ये गुडघं हाईत. त्येबी बंद पडल्यात."

दारातल्या बाया हसल्या. मॅडमही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "कुटुंबप्रमुख कोण?"

शांतव्वानं मागं वळून पाहिलं. मागं दोन्ही मुलं उभी होती. तिनं पुन्हा पुढं पाहिलं, पदर नीट केला आणि म्हणाली, "मीच की. शांतव्वा."

त्या दिवशी ती माझ्यात जेवली तेव्हा कोरडी भाकरी आणि खर्डा होता. मी पन्नासाहून जास्त वर्षं तिचं जेवण पाहत आले. इतकं चवीनं जेवलेली मी तिला फार थोड्या वेळा पाहिली.

दिलेला शब्द तिनं पाळला. चूल तिनं मोडली नाही. पाऊस सुरू झाला तेव्हा मृत्युंजयनं तिच्यावर पत्रा घातला आणि विरुपाक्षनं लहान गॅसची शेगडी आणून दिली. सुना वाटीतून कालवण आणून ठेवू लागल्या. आधी त्यांचा महिना असेल तेव्हाच त्या विचारायच्या, आता दोघी रोज विचारायच्या. संध्याकाळी भाकरीचा वास सुटला की दोन्ही भाऊ परड्यात येऊन बसायचे. भिंत घातल्यापासून ते एका जागी जेवले नव्हते. आता शांतव्वाच्या पत्र्याखाली जेवू लागले.

मित्रांनो, मी भांडं आहे. मला फार शहाणपण सांगता येत नाही. मागणं एवढंच, की मोजायला कुणी दारात आलं तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं नाव आधी सांगा आणि मग आपलं. ते माणूस कुणाच्या वाटणीचं आहे, याचा हिशोब त्याच्यापुढं करू नका. आणि एखादी जुनी पितळी घरात असेल तर तिला मोडीत घालण्याआधी तिच्यात कोण जेवतं ते पाहा.

मी आता परड्यातल्या फळीवर असते. यंदा मला कल्हई झालेली नाही. नावानिशी माणसं मोजायला संयोगिता मॅडम फेब्रुवारीत परत येणार आहेत. शांतव्वा श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी वारली.