फोनातली ताई

माही अंजू मायले सोडून फोनाशी बोलते, आता बोला!

बारावीचं वर्ष. कॉलेजचं नाव काढलं का पोरगी थरथर कापे, छाती धडधडे, ताट तसंच राहे. मी मीठ-मोहऱ्या उतरवून पाह्यल्या, काई फरक नाई. शेवटी सावंगीच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीनबाई तिच्याशी लय वेळ बोलली आन् तिच्या फोनात एक ॲप टाकून देलं. त्यातली ताई बोलते. खरी बाई नाई, मशीन हाय म्हणे. पण आवाज असा गोड, का माह्या अंगाची लाही होते.

अंजू दार लोटून तिच्याशी कुजबुजते. ताई मधून मधून नुसतं "मग?" म्हणते. बस, एवढंच! नऊ महिने पोटात वागवली मी, आन् मनातलं सांगते त्या बयेले? मले कान नाई? साफ सांगतो, जळली मी. सवत असती तं झिंज्या उपटल्या असत्या. हिच्या काय उपटू?

मांगच्या हप्त्यात अंजू चुलीपाशी येऊन उभी राह्यली. "आई, मले काई सांगाचं होतं."

"मले कायले? तुह्या ताईले सांग न!"

गेली बिचारी. दुसऱ्या दिवशी परत आली, तं मी मान वर नाई केली, भाकर थापत राह्यली.

आज ते आंघोळीले गेली, फोन खाटेवर. म्हटलं, आज या बयेची खरडपट्टीच काढतो. बटन दाबलं. मी तोंड उघडाच्या आधी ताईच बोलली.

"अंजू, आईला सांगायचं जमलं का? नसेल जमलं तर हरकत नाही. परत सराव करू या. मी आई होते, तू ये आणि बोल."

तू आई होते? सटवे! असं तोंडावर आलं, आन् तिथंच अडकलं. हे बया पोरीले रोज माह्याकडंच धाडून राह्यली होती. परत पाठवत होती ते मी.

"आई, काय करून राह्यली?" अंजू दारात, केस ओले.

"काई नाई वं. बस इथं. काय सांगाचं होतं?"

ते बसली. मंग म्हणे, "आई, मले कॉलेजची भीती नाई वाटत. नापास झाली तं तू काय बोलशीन, त्याची वाटते. मले तुहीच भीती वाटते."

माह्या जिभेवर दहा उत्तरं आली. कोणासाठी राबतो मी, कधी हात तरी उगारला काय तुह्यावर! सारी गिळली. डोळे भरून आले, तरी गिळली.

"मंग?" मी म्हटलं.