पाकटाचं नाव

बाबांनी बरणीचं झाकण उघडलं, बाही कोपरापर्यंत सरकवली आणि थेट आत हात घातला.

"बाबा, हातमोजे!"

"जन्मभर असाच घालतोय. झडला का हात?"

स्पिरिटचा उग्र वास खोलीभर पसरला. त्यांनी शेपटीला धरून पाकट बाहेर काढलं, ट्रेमध्ये उताणं टाकलं आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. त्यांच्या मुलीनं कपाळाला हात लावला. ते निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती. संग्रहालयाच्या मत्स्यविभागात त्यांच्या जागेवर आता ती होती, पण ही गोष्ट त्यांना फक्त पगारापुरती मान्य होती. बाकी खुर्ची त्यांची, भिंग त्यांचं, आणि कुठली बरणी कुठे ठेवायची यावर शेवटचा शब्दही त्यांचाच.

तळघरातल्या त्या खोलीत चारही भिंतींना मांडण्या होत्या. एका टोकाला तळहातावर मावेल एवढी काळी मुशी, म्हणजे इवलासा शार्कच, खोल समुद्रात जिचं पोट उजळतं. दुसऱ्या टोकाला कुठल्याच बरणीत न मावलेल्या करवत माशाची नुसती करवत, खिळ्याला टांगलेली. मधल्या फळ्यांवर हातोडीसारख्या डोक्याच्या, ठिपक्यांच्या, पट्ट्यांच्या मुशी, आणि ताटासारखी चपटी पाकटं. कोणी चामडी पिशवीत अंडं घालणारं, कोणी थेट पिल्लं देणारं. अगदी खालच्या फळीवर सशाच्या तोंडाचा एक विचित्र जीव होता, ज्याला मुशीही म्हणता येईना आणि पाकटही म्हणता येईना. एवढ्या तऱ्हा, पण हाड म्हणून एकाच्याही अंगात नाही. सगळ्यांचा सांगाडा आपल्या नाकाच्या शेंड्यात असते तसल्या कूर्चेचा. आणि या बिनहाडाच्या जिवांवर अख्खा जन्म काढलेले बाबा मात्र हाडाचे हट्टी.

"दात वेगळेच आहेत," ते भिंगातून म्हणाले. "टोकदार. नवी जात म्हणून मी तेव्हा लिहिलं, तेच आजही दिसतंय. तुझ्या त्या जुन्या जातीचे दात फरशीसारखे सपाट."

"कारण त्या सगळ्या माद्या होत्या, बाबा! किती वेळा सांगू? जुनी जात नोंदवणाऱ्याला माद्याच सापडल्या, तुम्हाला एक नर सापडला. नराचे दात टोकदार, मादीचे सपाट. जात एकच."

"एका जाळ्यात आले म्हणून जात एक होते?"

"एकाच जाळ्यात नाही. वर्षभर बंदरावर जाऊन गोळा केलेत मी. पिल्लं असताना दोघांचेही दात सपाटच असतात, मग नराचे हळूहळू टोकदार होत जातात. अर्धवट टोकं आलेलेसुद्धा आहेत. हे बघा."

तिनं वाळवलेले जबडे त्यांच्यापुढे ओळीनं मांडले. बाबांनी एकेक उचलून पाहिला. हळूहळू त्यांचा चेहरा पडत गेला. मादी समोर नसताना नरालाच नवी जात समजायचं, ही चूक भल्याभल्यांकडून झालेली आहे. ती करायलाही फार शिकावं लागतं. हे तिला त्यांना सांगायचं होतं. पण ते काही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

कूर्चेच्या माशांची तिची मोठी सूची आज छपाईला जायची होती. त्यात ही एक जात कमी होणार होती. दुसरी कुठली असती तर बाबांनी कुरकुर करत का होईना, मान्य केलं असतं. पण या पाकटाला त्यांनी बायकोचं लग्नाआधीचं नाव दिलं होतं, शेवटी लॅटिन शेपूट जोडून. लग्नात आईचं नाव बदललं, आणि जुन्या नावानं हाक मारणारी माणसं एकेक करून गेली. घरात ते कोणीच घेत नसे. बाबांची हाक तर सुरुवातीपासून "अगं" एवढीच. मुलीनंही ते पहिल्यांदा वाचलं ते याच बरणीवरच्या चिठ्ठीवर, आणि त्या वेळी तिचं लक्ष नावापेक्षा माशाच्या शेपटीतल्या काट्याकडे जास्त होतं.

"खोडू नकोस," बाबा म्हणाले. "शंकास्पद म्हणून ठेव."

"शंका कुठे आहे?"

"मला आहे."

"तुम्हालाही नाही! तुम्ही नुसते अडून बसलायत!"

बाबांनी ओल्या हातानंच फोन काढला.

"अगं, ऐक. आत्ताच्या आत्ता इकडे ये. तुझी लेक तुला खोडून टाकतेय."

हे ऐकून तिचं डोकंच फिरलं. आता आई येणार, म्हणजे एकाचे दोन होणार. तशी आईची तिला धास्ती नव्हती. त्या माशाची आईनं आयुष्यभर टिंगलच केली होती. पाहुणे आले की तिचं ठरलेलं वाक्य असे, "लोकांच्या नवऱ्यांनी बायकोच्या नावानं घरं बांधली, आमच्या ह्यांना शेपटीत काटा असलेला मासा सापडला." ती मासा बघायला एकदाही आली नव्हती. वैताग होता तो आणखी एका माणसाला दात समजावून सांगण्याचा.

आई आली ती नाकाला रुमाल लावून, तणतणत.

"गॅसवरचं तसंच टाकून आलेय. कोण मेलंय का इथे?"

"हे बघ, मेलेलंच आहे सगळं," मुलगी म्हणाली.

"कुठाय तो?"

मुलीनं ट्रेकडे बोट केलं. पाकट अजून उताणंच पडलं होतं. त्या बाजूनं नाकपुड्या डोळ्यांसारख्या दिसतात आणि खाली वाकडं तोंड, त्यामुळे पाकट कायम कशानं तरी रुसल्यासारखं वाटतं. आई वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"हा तर हुबेहूब ह्यांच्यासारखा दिसतोय."

बाबा पाठ करून मांडणीवरच्या बरण्या उगाच मागेपुढे सरकवत होते.

मुलीनं शक्य तितक्या थोडक्यात सगळं सांगितलं. मादी, नर, सपाट दात, टोकदार दात. आई ऐकत होती आणि तिच्या भुवया वर चढत होत्या.

"म्हणजे इतकी वर्षं मी नर होते?"

"आई, प्लीज."

"नाही, विचारतेय. आणि आता ह्याला म्हणायचं काय?"

"जुनं नाव आधी दिलेलं आहे, तेच राहणार. कोणी एक जहाजाचा कप्तान होता, त्याच्या नावावरून."

"कप्तान." आईनं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "त्यानं शोधला?"

"नाही. त्याच्या जहाजावर सापडला, एवढंच."

"आणि माझं नाव?"

टिंगलीचा सूर त्यात नव्हता. मुलीनं मान वर करून पाहिलं. आईचा रुमाल नाकावरून खाली आला होता आणि तो तिनं मुठीत घट्ट धरला होता. मुलगी गडबडली. या प्रश्नाचं उत्तर तिला झोपेतही देता आलं असतं, पण आता ते तिनं जपून दिलं.

"पुसत नाहीत ते. कप्तानाच्या नावाखाली छापतात, थोडं आत सरकवून. तिथे कायम राहतं. त्याच्या जवळच्या भावकीतल्या दुसऱ्या कुठल्या माशाला ते नाव देताही येत नाही."

"म्हणजे नाव असतं. फक्त त्या नावानं कोणी हाक मारत नाही."

"हो. साधारण तसंच."

"मग त्यात मला काय समजवायचंय?" आई म्हणाली. "दे पाठवून."

मुलीला एकदम फार वाईट वाटलं. इतका वेळ ती दातांवरून भांडत होती, आणि बाबा दातांवरून भांडतच नव्हते. सूचीचं पान उघडून ती नुसती बसून राहिली.

"पाठव गं," आई म्हणाली. "चुकीचं असेल तर माझ्या नावानं कशाला चालवायचं? ह्यांचं मी बघते. दोन दिवस जेवताना बोलणार नाहीत, तेवढीच शांतता." ती ट्रेपाशी परत गेली, आणि इतका वेळ वासानं नाक मुरडणाऱ्या त्या बाईनं एक बोट पुढे करून पाकटाच्या ओल्या, गुळगुळीत पोटाच्या कडेला हलकेच लावलं. मग रुमालाला बोट पुसलं.

मुलीनं कप्तानाचं नाव वर घेतलं, दुसरं खाली नेलं, थोडं आत सरकवलं आणि पान पाठवून दिलं.

बाबांनी हे सगळं पाठमोरे राहूनच ऐकलं असावं. ते कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले, साबण लावून दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, आणि त्यांच्या वैतागलेल्या, घोगऱ्या आवाजात, भिंतीकडे तोंड करून, आईचं लग्नाआधीचं नाव घेऊन विचारलं, चहा घेणार का.

आईनं दाराकडे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.