आईच्या गालावरचा ठिपका

आमच्या अण्णांना फोटोचा नाद म्हणजे लई नाद. नोकरी पाटबंधारे खात्यात, जीव सगळा कॅमेऱ्यात. कॅमेरा दोन भिंगांचा, वरून डोकावून बघायचा. काचेत समोरचा माणूस दिसतो, पण डावं-उजवं उलटं, आरशातल्यासारखं. मला त्याची आठवीतच सवय झाली. अंधारात नुसत्या बोटांनी रोल चढवणं, हायपोच्या औषधात फिल्म धुणं, ट्रेमधला कागद हलवणं, सगळं येतं मला. वर्गात हे येणारी मी एकटीच, आणि ते मी सगळ्यांना सांगितलेलंय.

अण्णांनी पडेगावची मेंढरं काढली, दौलताबादचा किल्ला चारी बाजूंनी काढला, गल्लीतली एक नवरी सोडली नाही. दर वेळी आधी आईला उभं करायचे. तिच्यावर फोकस लावला की म्हणायचे, "हं, सरक आता." आई सरकायची, नवरी यायची, मग बटण दाबायचे. एकदा मी म्हटलं, आईचाही काढा की. तर आईच म्हणाली, एवढा महागाचा रोल, माझ्यावर कशाला घालवता? अण्णा म्हणाले, ती घरातच हाय, कवाबी काढता येईल.

गेल्या श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि आई गेली. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, पोरगी धीराची. धीरबीर काही नव्हता. आत नुसतं सामसूम होतं, सुट्टीतल्या शाळेसारखं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी लासूरहून द्वारकाआत्या आली. फोटो नाही तर पाहुणे हार कशाला घालतील, म्हणाली. आईचा फोटो कुठंच नव्हता, लग्नातलासुद्धा. आत्यानंच मार्ग काढला. पोरगी आईवर गेलीय, तिलाच वच्छलाचं लुगडं नेसवा, डोक्यावर पदर द्या आणि काढा. तिच्या जावेचा असाच केला होता म्हणे, कुणाच्या बापाला कळलं नाही.

मी बसले. दात दाखवू नको, आत्या म्हणाली. अण्णा काचेवर वाकले ते बराच वेळ वर बघेनात. मला वाटलं, आता सवयीनं सरक म्हणतील. तसं म्हणाले नाहीत. बटण दाबलं.

मोरीचं दार लावून, लाल दिव्यात आम्ही दोघांनी प्रिंट काढला. ट्रेमध्ये आधी पदर उमटला, मग कपाळ, मग डोळे. माझे होते, आणि तिचेही होते. मला काहीच वाटलं नाही. काळं-पांढरं छान उतरलंय, एवढंच मनात आलं.

प्रिंट वाळल्यावर अण्णा बारीक ब्रश आणि काळी शाई घेऊन खिडकीत बसले. आईच्या गालावर गोंदणाचा ठिपका होता, तेवढा लावायचा होता. ब्रश खाली गेला आणि तसाच थांबला.

"पोरी, कोणत्या गालावर गं?"

मी तोंड उघडलं. झोपेतसुद्धा सांगेन, असं वाटलं होतं. वेणी घालताना आई मागं उभी दिसायची, ठिपका उजवीकडं. पण तो आरशात.

"काचेत डावीकडं दिसायचा," अण्णा म्हणाले. "का काचेबाहेर डावीकडं दिसायचा? काचेतच जास्त बघितलं मी तिला."

आत्याला विचारलं, ती शपथेवर उजवा म्हणाली. श्राद्धासाठी आलेली चितेगावची आवडामावशी म्हणाली, बहीण माझी हाय, तुम्ही मला सांगता व्हय? डावाच. दोघींची जुंपली. अण्णा माझ्याकडं बघत होते.

"तू म्हणशील तिथं लावतो."

मी एरवी कशालाही पटकन उत्तर देते.

"लावू नका," मी म्हणाले. "ती मी हाय, अण्णा. आई नाय ती."

त्यांनी ब्रश धुतला. पाणी स्वच्छ झालं तरी धूतच राहिले. मग प्रिंट माझ्या हातात दिला.

श्राद्धाला पाटावर नुसती समई होती. लासूरचे रामकिसनकाका मोठा हार घेऊन आले, इकडंतिकडं बघितलं आणि फोटो कुठाय म्हणाले. आत्यानं माझ्याकडं असं बघितलं की खाऊ का गिळू. तेवढ्यात अण्णा पुढं झाले.

"तिचा फोटो मी कधी काढलाच नाही," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

काकांनी हार समईच्या बुडाशी ठेवला. पानं मांडलेली होती, मी वरण वाढायला घेतलं.